मयताचा रीटेक

माझ्या नवऱ्याला, हितेंद्रला, वर्षातून एकदा काहीतरी भन्नाट सुचतं आणि त्याचा त्रास मला होतो. आम्ही धुळ्यात राहतो आणि मोबाइलवर बघायचे खान्देशी विनोदी सिनेमे काढतो. तो दिग्दर्शक. मी कपडे, रंगरंगोटी, दाढ्यामिशा आणि चहा. शिवाय जे बोलायला कुणी धजत नाही ते बोलण्याचं कामही माझ्याकडेच आहे. आखाजीला आमचा एक सिनेमा येतो, कानबाईला एक, पोळ्याला एक. डिसेंबर मात्र कोरडा जायचा.

गेल्या हिवाळ्यात त्याला परदेशातल्या नाताळच्या सिनेमांचं वेड लागलं. चांगले सोज्वळ असते तर मी काही म्हटलं नसतं. हे वाह्यात होते. एकात नाताळबाबा दारू पिऊन पोरांना शिव्या घालतो. एकात घरातली म्हातारी ऐन मेजवानीत मरते आणि घरचे तिला खुर्चीत टेकवून, तोंड पुसून, जेवण तसंच पुढे चालू ठेवतात. हितेंद्र कानात बोंडं घालून पलंगावर लोळून हसायचा, आणि मी ओट्याशी भाकरी थापत विचार करायची की ह्याला डॉक्टरकडे न्यावं की देवऋषीकडे.

"आपल्या गल्लीत नाताळ कोण करतं हो?" मी विचारलं.

"कोणी नाही. म्हणून तर मजा."

एक अट मी घातली. ज्यांचा सण आहे त्यांच्या देवाला हात लावायचा नाही, काय टवाळी करायची ती त्या लाल झग्यातल्या म्हाताऱ्याची करा. त्यानं ती मानली आणि गोष्ट रचली. नाताळबाबा खान्देशात उतरतो. इथं घरांना धुराडी नाहीत, म्हणून शेतातल्या भरीत पार्टीत शिरतो. हिरव्या मिरच्यांचं भरीत आणि मोहाची दारू पोटात जाते आणि तो तिथंच आडवा होतो. आता परक्या मुलखातलं मयत, नातलग कुणी नाही. गाव तिरडी बांधतं, बाया गळे काढतात, पुरुष त्याच्या पोतडीवरून भांडतात. शेवटी कुणीतरी म्हणतं, बिचारा दारूनं गेला, त्याच्या मुखात पाण्याऐवजी दारूच घाला. घोट आत जातो, मयताचा गळा हलतो, आणि मयत ताडकन उठून बसतं नि ओरडतं, "भरीतमा मीठ कमी पडनं, भो!" सिनेमाचं नाव होतं 'नाताळबाबानं बारावं', म्हणजे नाताळबाबाचं बारावं. मी नाक मुरडलं, पण मयत उठतं तिथं मलाही हसू आलं. खोटं कशाला बोलू?

मयताचं काम करायला मोतीलाल आबांशिवाय दुसरं नाव नव्हतं. दोंडाईच्याच्या अलीकडे एका गावात ते राहायचे. जन्मभर तमाशात सोंगाड्या म्हणून उभे राहिलेले. नुसती भुवई उचलली तरी शेवटच्या रांगेतला माणूस हसायचा. बायको कधीच गेली होती. एकुलती लेक दिपमाला, चार वर्षांपूर्वी तिनं मनानं लग्न केलं आणि सुरतेला गेली. मुलगा जातीतला नव्हता. आबांनी रागाच्या भरात, आणि भावकीनं भरीला घातलं म्हणून, काय करावं? जित्याजागत्या पोरीचं बारावं केलं. डोकं भादरलं, तिच्या फोटोला हार घातला, गावजेवण दिलं. सुतक फिटलं म्हणून चारचौघांत कपाळाला गंध लावून घेतलं. गंधमुक्ती आमच्याकडे मेलेल्याची करतात. ह्या माणसानं जिवंत लेकीची केली. मला ह्या गोष्टीचा अजून संताप येतो, आणि तरी आबांवर राग धरता येत नाही, कारण त्यांनी स्वतःवर जेवढा धरला होता तेवढा मला जमलाच नसता. तोंडानं मात्र चकार शब्द नाही. विचारलं की नक्कल करून दाखवायचे.

गोष्ट ऐकून आबा हसले नाहीत. त्यांनी हितेंद्रला विचारलं, "भाऊ, त्या परदेशना सिनेमामा शेवटले काय व्हस?"

"शेवटी बर्फ पडतो, आबा. कितीही वाईट वागलेला माणूस असू द्या, घरचे सगळे परत येतात. एका टेबलावर जेवतात."

"बठ्ठा येतस?"

"बठ्ठा."

"आंडेर बी?" आंडेर म्हणजे लेक.

हितेंद्रनं माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "आंडेर बी येस, आबा."

"मंग करसू," आबा म्हणाले.

अडचण तिरडीची होती. खोटी का होईना, आपल्या दारात तिरडी बांधायला कोण देईल? गावात ज्याला विचारलं त्यानं आम्हाला दारातूनच वाटेला लावलं. तेव्हा आबा म्हणाले, "मना दारशी बांधा. मना घरमा अपशकुन व्हवाले कोन बाकी शे?" असं हसत म्हणाले की माझ्या हातातला कंगवा तसाच राहिला.

चोवीस डिसेंबरला सकाळी शूटिंग लागलं. माझं माहेर जळगावकडचं, भरताची हिरवी वांगी मी तिथून आणवली होती. अंगणात काड्यांवर वांगी भाजली जात होती, वास सगळ्या गल्लीत. आबांच्या दाढीला मी कापूस लावला. आमच्याकडे कापसाला काय तोटा! डिंकानं एकेक पुंजका चिकटवत गेले. लाल झगा घालून आबा तिरडीवर निजले आणि गळ्यापर्यंत पांढरी चादर ओढून घेतली. कॅमेऱ्यात फक्त चेहरा. हितेंद्रच्या मनात असं होतं की उठल्यावर चादर गळून पडेल आणि लाल झगा दिसेल, तेव्हा हशा.

रडायला गावातल्या बाया बोलावल्या होत्या. त्यांच्यात सुंदरअक्का, आबांची सख्खी बहीण. आमच्याकडे मयतावर बाया नुसत्या रडत नाहीत. गेलेल्याचं गुणगान करत, चालीत, सांगून रडतात, आणि जे पोचले नाहीत त्यांना नावानं हाका मारतात. सुंदरअक्काच्या रडण्याला पंचक्रोशीत मागणी. तिला सांगितलं होतं, "अक्का, नाताळबाबासाठी रडायचं." ती बिचारी मान डोलावून बसली. पहिला हेल बरोबर काढला, "लाल झगावाला, तू आमना गावमा काब उना रे..." म्हणजे का आलास रे. गच्चीवरून, भिंतीवरून बघणारे लोक खिदळले. पण समोर तिरडी, तिरडीवर भाऊ, डोळे मिटलेला. दुसऱ्या हेलात तिची जीभ सवयीनं आपल्या वाटेनं गेली.

"वं दिपमालाऽऽ, तुना बाप गया वं माय... आते तरी ये वंऽऽ..."

भिंतीवरचं हसू थांबलं. मी आबांकडे पाहिलं. मिटलेल्या डोळ्यांतून पाणी घरंगळत कानाकडे चाललं होतं, दाढीचा कापूस ओला होत होता.

"कट!" हितेंद्र ओरडला. "आबा, मयत रडत नाही हो! रीटेक घ्यावा लागेल."

ह्या माणसाबरोबर मी सात फेरे घेतले आहेत. मी त्याला दंडाला धरून बाजूला नेलं आणि काय बोलायचं ते बोलले. त्यालाही कळलं, चेहरा उतरला. पण आबा उठून डोळे पुसत म्हणाले, "भाऊना बरोबर शे. मयत रडस नही. सकाय लेसू." उद्या घेऊ. आणि माझ्याकडे वळून, "पोरी, कापूस गया ना वाया?"

संध्याकाळी हितेंद्रनं सुंदरअक्काच्या रडण्याचा तुकडा जाहिरात म्हणून मोबाइलवर टाकला. वर मोठ्या अक्षरांत सिनेमाचं नाव होतं, खाली हसरे चेहरे होते. पण फॉरवर्ड करणाऱ्यांना कुठं दम असतो? कुणीतरी नाव कापलं, हसरे चेहरे कापले, आणि 'वाईट बातमी' असं लिहून तो तुकडा सुरतेकडे गेला. सुरतेत आपला अर्धा खान्देश राहतो. दिपमालाच्या मोबाइलवर तो पोचला तेव्हा त्यात काय होतं? तिच्या घराचा ओटा, तिरडी, पांढरी दाढी वाढलेला म्हातारा, आणि तिची आत्या तिच्याच नावानं हाक मारत होती.

हे सगळं आम्हाला मागाहून समजलं. नाताळच्या दिवशी सकाळी आम्ही आबांना पुन्हा तिरडीवर निजवलं होतं. नवी दाढी, तीच चादर. उशाशी पाण्याचा तांब्या, तांब्यात तुळशीचं पान. दारूची बाटली कौतिकभाऊंच्या हातात. ते पाटलाचं काम करत होते. भिंतीवर कालच्यापेक्षा जास्त गर्दी. हितेंद्र "ॲक्शन" म्हणायला तोंड उघडतो तोच गल्लीच्या तोंडाशी कुणीतरी गळा काढला.

लेक बापाच्या मयताला येते तेव्हा घरापासून लांबूनच रडत येते. तो आवाज ओळखावा लागत नाही. डोक्यावरून पदर ओढलेली, हातात पिशवी, पायातली एक चप्पल निघालेली. भिंतीवरचे लोक टाळ्या पिटायला लागले. त्यांना वाटलं, हितेंद्रनं नवी नटी आणली.

"दिपी," सुंदरअक्का पुटपुटली.

मी पुढे धावले. तिला सांगायलाच हवं होतं, बाई, खोटं आहे हे, थांब. सुंदरअक्कानं माझं मनगट धरलं. "थांब. बोलू दे तिले." तिचं ऐकलं नसतं मी. पण चादरीच्या कडेला आबांचा हात होता. त्या हाताची बोटं जराशी उचलली गेली, माझ्याकडे. थांब. एवढंच. मग हात पुन्हा मयताचा झाला.

मला तेव्हा सगळं लख्ख कळलं. लेक मेलेल्या बापाकडे आली होती. जिवंत बापाकडे ती आली नसती. डोळे उघडले की ती जाईल, आणि मिटलेले राहिले तर जवळ राहील. म्हणून तो माणूस मरून राहिला. मी हितेंद्रकडे बघितलं तर त्यानं आपणहून कॅमेरा बंद केला होता.

ती तिरडीशी बसली. आबांच्या कपाळावर तिनं हात ठेवला आणि क्षणभर तिचा हुंदका अडकला. मला वाटलं, दुःखानं अडकला. मग ती बोलायला लागली. चालीत नाही, साधंच, घरात बोलावं तसं.

"नाना, मी उनू." आख्ख्या गावाचे ते आबा. नाना म्हणणारी ही एकटीच होती. "तुमी मनं बारावं करं, मी काही बोलनू नही. मना फोटोले हार घाला, मी काही बोलनू नही. मले पोर व्हयनी, नाना. तिले मी तुमनी नक्कल करी दखाडस. ती हासस. तिले सांगस, तुना नाना बठ्ठा गावले हसाडे."

आबांचा चेहरा दगड झाला होता. इतकं चांगलं काम त्यांनी उभ्या आयुष्यात कधी केलं नसेल. पापणी हलली नाही, नाकपुडी हलली नाही. काल रडलेले ते डोळे आज कोरडे ठाक. मी देवाला म्हटलं, आता तरी रडू दे ह्याला, आज कुणी रीटेक मागणार नाही.

"मना राग नही शे आते," ती म्हणाली. ती त्यांच्या तोंडाकडे टक लावून बघत होती. "एकदाव मले दिपी म्हना, नाना. मंग जा."

ती थांबली. सगळं अंगण थांबलं. काड्यांवर वांगी फुटल्याचा आवाज तेवढा येत होता. आबा निजून राहिले.

मग तिनं उशाचा तांब्या घेतला, तुळशीच्या पानानं पाणी उचललं आणि बापाच्या ओठांत सोडलं. लेकीच्या हातचं शेवटचं पाणी. चार वर्षांत तिच्या हातचं त्यांच्या पोटात गेलेलं पहिलं. त्यांना गिळायचं नव्हतं, मला ठाऊक आहे, पण पाण्याला काय कळतं? गळा हलला.

तो हललेला गळा आम्हा सगळ्यांना दिसला. तिलाही दिसला. आबांनी डोळे उघडले. लेक अगदी समोर, एका हाताच्या अंतरावर. त्यांचे ओठ हलले. आणि त्या म्हाताऱ्याला इतकी भीती वाटली असेल, इतकी भीती, की जन्मभर जे करत आला तेच त्याच्याकडून झालं. घोट गिळल्यावर काय करायचं हे त्यानं आठवडाभर घोकलं होतं. तो ताडकन उठून बसला, चादर गळून लाल झगा उघडा पडला, आणि तो ओरडला, "भरीतमा मीठ कमी पडनं, भो!"

काय हशा झाला म्हणून सांगू! भिंतीवरचे लोक एकमेकांच्या अंगावर पडून हसत होते. कुणी शिट्टी मारली. नाताळच्या दिवशी सकाळी, जळक्या वांग्यांच्या वासात, लाल झग्यातला मेलेला म्हातारा उठून बसला होता आणि आख्खा गाव हसत होता. हितेंद्रच्या त्या परदेशी सिनेमांत असतं तसंच सगळं झालं होतं.

दिपमाला उठली. पदर सारखा केला. तांब्या होता तिथं नीट ठेवला. तिनं आबांना शिवी दिली असती तर बरं झालं असतं, थोबाडीत मारली असती तरी चाललं असतं. ती वळली आणि चालायला लागली.

"दिपी!" आता म्हणाले आबा. आता. "दिपी वं, थांब ना माय. दिपी!"

लोकांना वाटलं, अजून सिनेमा चालू आहे. ते आणखीच हसले.

मी तिची राहिलेली चप्पल उचलून मागे धावले. रिक्षा उभ्या राहतात त्या वळणावर तिला गाठलं. धाप लागली होती, तरी बोलत सुटले. सिनेमा आहे, खोटं आहे, कुणी मुद्दाम नाही केलं, आबांना तू हवी होतीस, तू जाशील म्हणून भिऊन निजून राहिले. काय काय बोलले मलाच आठवत नाही. तिनं चप्पल पायात घातली आणि सगळं ऐकून घेतलं.

"ताई, मी कपायवर हात ठेवा ना, तव्हयच मले समजनं," ती म्हणाली. "ऊनं व्हतं." कपाळ गरम होतं.

"मले आनंद व्हयना, ताई. मना बाप जित्ता शे. मी बठ्ठं बोलनू ते जित्ता बापसंगे बोलनू. वाट दखी. वाटनं, आते उठतीन, आते दिपी म्हनतीन. पानी बी त्यानाचकरता पाजं." ती जराशी हसली. हसताना तिची एक भुवई अगदी आबांसारखी वर गेली. "उठनात. आनि भरीतमा मीठ कमी."

रिक्षात बसली ती. मी दांडा धरून उभी राहिले. आमच्याकडे माहेराहून निघताना लेक 'जास' म्हणत नाही, 'येस' म्हणते. येते. तेवढ्या एका शब्दावर मागचे लोक वर्षभर तग धरतात. फक्त मयताच्या घरून निघताना कुणी येस म्हणत नाही, तिथून न बोलता उठायचं असतं.

"बाई, येस तरी म्हण," मी म्हटलं. "मी सांगेन त्यांना. नुसतं येस म्हण."

ती रस्त्याकडे बघत राहिली. रिक्षावाल्यानं रिक्षा स्टेशनाकडे वळवली.

मी परत आले तेव्हा हितेंद्रनं लोकांना पांगवलं होतं. तिरडी सोडून टाकली होती. आबा ओट्यावर बसले होते, झगा तसाच अंगात, दाढी तशीच. सुंदरअक्का शेजारी, तिच्या गळ्यात आता आवाज उरला नव्हता. आबांनी माझ्याकडे पाहिलं.

"काय बोलनी ती?"

ती काय बोलली ते मला त्यांना सांगता आलं नाही, तेव्हाही नाही आणि नंतरही नाही. तिला कळलं होतं, ती वाट बघत होती, तुम्ही नुसतं तोंड उघडायचं होतं, हे कुठल्या तोंडानं सांगू?

"घाईत होती, आबा. गाडीची वेळ झाली होती."

"येस म्हननी का?"

"म्हणाली," मी म्हटलं. "येस म्हणाली ती."

आबा माझ्याकडे बघत राहिले. आयुष्य रंगमंचावर काढलेला माणूस. समोरच्यानं काम नीट केलं की वाईट, हे त्याला कुणी सांगावं लागत नाही. पदर डोळ्याला लावणाऱ्या बहिणीच्या पाठीवर त्यानं हात ठेवला.

"मयतवरथीन निंघतांना येस म्हनतस नही, पोरी," आबा म्हणाले. "बरोबर करं तिनी."

मी त्यांच्यापुढे बसले आणि हनुवटीवरचा कापूस सोडवायला लागले. डिंक वाळून कातडीला धरला होता, ओढताना दुखत असणार, तरी त्यांनी हनुवटी माझ्यापुढे वर धरून ठेवली.